दीडची सुट्टी आणि पावणेदोनची बस

आमच्या हायस्कूलला दीड वाजता सुट्टी होते. वरच्या वाड्यांकडे जाणारी बस तिठ्यावरून पावणेदोनला सुटते, त्यानंतरची थेट संध्याकाळी. आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा जो जादा वर्ग घेते तो होता पावणेदोन ते अडीच.

या तीन वेळा शाळेत सगळ्यांना तोंडपाठ होत्या. शिक्षकांना, शिपाईमामांना, बसच्या कंडक्टरला, पोरांना. पण त्या एका कागदावर एकाखाली एक कोणीच कधी लिहिल्या नव्हत्या, आणि गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलीने त्या आमच्या चार्टपेपरवर स्केचपेनने लिहिल्या तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मी याच शाळेत शिकलेय. याच बसने जायचे. जादा वर्गाला मी कधी बसले नाही आणि इतकी वर्षं मला खरंच वाटत होतं की मलाच अभ्यासाचा कंटाळा होता, सरही तसंच म्हणायचे, घरीही तसंच म्हणायचे, मग मीही तेच धरून चालले.

आता पहिल्यापासून सांगते. आम्ही चौघंजणं. मी एमए करतेय, एक मैत्रीण बीएड करतेय, एक मित्र बीकॉम करून वाळपईला एका दुकानात हिशेब बघतो आणि चौथी वास्कोची, ती एमएसडब्ल्यू करतेय. तिघं आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, म्हादई नदीच्या अलीकडची-पलीकडची. मला डेझर्टेशनला विषय पाहिजे होता आणि बाकीच्यांना आपल्या गावातली पोरं नववीत येऊन का थांबतात हे एकदा नीट बघायचं होतं. आठवीपर्यंत सगळी दिसतात, हजेरीत नाव असतं, नववीत नापास झाली की एक वर्ष परत बसतात आणि मग कुठे गॅरेजला, कुठे हॉटेलात, मुली घरी. गोव्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८८.७ टक्के होती आणि हा आकडा भाषणात आला की टाळ्या पडतात, पण आमच्या वाड्यावरचं चित्र त्या आकड्यात मावत नाही, हे आम्हाला आमच्याच वर्गमित्रांकडे बघून कळत होतं.

सुरुवात आमची चुकली. इंटरनेटवरून, जुन्या प्रबंधांवरून उचलून आम्ही एक प्रश्नावली बनवली, चाळीस प्रश्न, हो-नाही-कधीकधी असे रकाने. त्यात एक प्रश्न होता, पालक रोज मुलांचा अभ्यास घेतात का. धनगरवाड्यावर एका घरी मी तो विचारला. मुलाची आई चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, चुलीकडे बघत म्हणाली, “म्हाका वाचपाक येना, हांव ताका कितें शिकोवूं?” आणि मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती फक्त मान हलवत राहिली, हो म्हटलं तरी मान, नाही म्हटलं तरी मान. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, आपण तिची परीक्षा घेतली आणि तिला नापास केलं, तिच्याच घरात बसून. ती प्रश्नावली आम्ही तिथेच थांबवली. भरलेले फॉर्म अजून माझ्याकडे आहेत पण मी ते कुठेच वापरले नाहीत, वापरणारही नाही.

त्या बाईंकडे मी नंतर परत गेले, प्रश्न न घेता. दोन-तीनदा गेल्यावर त्या आपणहून बोलल्या. मुलगा रात्री वही उघडतो तेव्हा त्या शेजारी बसून राहतात, झोप आली तरी उठत नाहीत, कारण आपण उठलो की तोही उठेल. याला अभ्यास घेणं म्हणायचं की नाही? माझ्या चाळीस प्रश्नांत यासाठी रकाना नव्हता.

मग आम्ही पद्धत बदलली. शिक्षणावर काम करणारी ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाचा सर्व्हे करते तो तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, कॉलेजची मुलंही त्यात स्वयंसेवक म्हणून जातात. त्याची रीत मला फार आवडते, शाळेत जाऊन विचारायचं नाही, घरी जायचं, कारण शाळेत फक्त आलेली मुलं भेटतात आणि न आलेली कधीच दिसत नाहीत. मुलाशेजारी जमिनीवर बसायचं आणि एक कागद पुढे ठेवायचा, त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, बस्स. जिथपर्यंत वाचता येतं तिथपर्यंत वाचायचं. आम्ही तसंच करायचं ठरवलं, रविवारी, कारण रविवारी पोरं घरी. फक्त आम्ही एक भर घातली, तोच मजकूर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत ठेवला.

आणि तिथे आमचा सगळा विषयच बदलला.

सातवी-आठवीतली पोरं मराठी गोष्ट धडाधड वाचत होती. काहीजण तर नाटकात वाचतात तसं हावभावासकट, कारण जत्रेला दरवर्षी नाटक असतं आणि तालमी बघून बघून त्यांना संवाद पाठ. तोच मुलगा इंग्रजी कागद घेतला की आवाज बसायचा, बोट एकेका शब्दाखाली जायचं, वाचायचा पण, आणि शेवटी विचारलं काय वाचलंस, तर गप्प. आता गंमत बघा, हा मुलगा विज्ञान, गणित, भूगोल, सगळं इंग्रजीतच शिकतोय. पाचवीपासून.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे जरा सविस्तर सांगायला लागेल. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, चौथीपर्यंत. पाचवीला हायस्कूलात गेलं की बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. मधे पूल वगैरे काही नाही. मार्चमध्ये मराठीतून चौथीची परीक्षा दिली आणि पुढच्या वर्गात पुस्तक उघडलं की सगळंच इंग्रजी. ज्यांच्या घरी परवडतं ते केजीपासूनच इंग्रजीत घालतात, ज्यांना परवडत नाही किंवा जवळपास तशी शाळाच नाही ते गावच्या शाळेत, आणि मग पाचवीत दोन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर. एक वर्गात आत्ता शिरतोय आणि दुसरा सहा वर्षं आधीच शिरलाय.

माध्यमाचं नाव काढलं की गोव्यात माणसं लगेच दोन बाजूंना उभी राहतात. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकला अनुदान फक्त प्रादेशिक भाषांच्या शाळांना, मग २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि केवढं आंदोलन झालं, भारतीय भाषा सुरक्षा मंच त्यातूनच उभा राहिला. मी तेव्हा लहान होते, मला फक्त घरात चाललेल्या तावातावाच्या गप्पा आठवतात. माझे वडील मराठी शाळेवर कुणी एक शब्द बोललेला ऐकून घेत नाहीत. त्यांचं कारण वेगळं आहे, त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, पोर्तुगीज काळात अक्षरओळख झालीच नाही, आणि मुक्तीनंतर भाऊंनी, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी, १९६३ नंतर गावागावात ज्या मराठी शाळा उघडल्या त्यातल्या एका शाळेमुळे आमच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलं. त्यामुळे त्यांच्यासाठी तो भाषेचा वाद नाहीच, शाळा नावाची गोष्ट दारात आली ती मराठीतून आली.

मला मराठी पाहिजे. कोकणी मी घरी बोलते, ती पाहिजेच. इंग्रजी तर त्या आठवीतल्या मुलांच्या आयांनाच सगळ्यात जास्त पाहिजे आहे आणि त्यांना त्यावरून कोणी उपदेश करू नये असं मला मनापासून वाटतं. पण कुठली भाषा यावर आमचे मोठे लोक इतकी वर्षं भांडले, तेवढ्या वेळात चौथी आणि पाचवीच्या मधला तो खड्डा तसाच राहिला. आम्ही ज्या मुलांशी बोललो त्यांना विचारलं की शाळा कधीपासून जड वाटायला लागली, तर नववी कोणीच म्हणालं नाही. पाचवी. परत परत पाचवी. नापास नववीत होतात म्हणून सगळे नववीकडे बघतात आणि मुलगा चार वर्षं वर्गात नुसता बसून काढतो, कोणालाही न सांगता. एक मुलगा म्हणाला, मला प्रश्न कळायचा नाही, पण मास्तर विचारायचे कळलं का, तेव्हा सगळे हो म्हणायचे म्हणून मीपण हो म्हणायचो.

काजूचं सांगितलं नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील. आमच्याकडे फेब्रुवारी ते मे काजूचा सीझन. सगळं घर बागायतीत, सकाळी बोंडू गोळा करायचे, बिया पिरगळून वेगळ्या काढायच्या, रस भट्टीवर द्यायचा, बिया सुकवून विकायच्या. पोरं पण जातात, आणि मी पण गेलेय, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं नवीन वर्ष जूनऐवजी एप्रिलच्या ७ तारखेला सुरू झालं. म्हणजे नव्या वर्गाचे पहिले धडे नेमके काजूच्या भर सीझनात. शहरातल्या पालकांनी उन्हाळ्याची, उकाड्याची काळजी केली, तीही बरोबरच आहे. आमच्या वाड्यावर मात्र विचार हा होता की घरात दोन हात कमी झाले तर बिया झाडाखालीच राहतील. काही घरांनी मुलांना शाळेत पाठवलं, काहींनी नाही, आणि जे एप्रिलमध्ये गेले नाहीत ते जूनमध्ये वर्गात बसले तेव्हा पहिले धडे होऊन गेलेले.

याच सीझनात आमच्या बीकॉमवाल्या मित्राने एक गोष्ट बघितली. सहावीतला एक मुलगा बापाबरोबर बिया विकायला आला होता. साडेतीन किलो भरल्या, भाव एकशे दहा. दुकानदार कॅल्क्युलेटर शोधतोय तोवर मुलगा म्हणाला तीनशे पंच्याऐंशी. कसं काढलंस विचारलं तर म्हणाला, तीनचे तीनशे तीस, अर्ध्याचे पंचावन्न. त्याच मुलाची गणिताची वही मित्राने मग त्याच्या घरी जाऊन बघितली, दशांश अपूर्णांकाच्या गुणाकारावर लाल फुल्या. साडेतीन गुणिले एकशे दहा, हेच गणित, फक्त इंग्रजी वाक्यात आणि पेनांच्या दुकानात घातलेलं.

मला वाटलं हे आमच्याच पोराचं विशेष. पण नाही, यावर जगभर काम झालंय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास १९८५ मध्ये छापून आलाय, गिऱ्हाइकाशी बोलताना हिशेब बरोबर आणि तेच कागदावर दिलं की चूक. आणि २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात आहेत, २०१९ चं नोबेल मिळालेले तेच. त्यात तर उलटी बाजूही तपासली आहे, शाळेत शिकणाऱ्या पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातला साधा हिशेब तोंडी जमला नाही. म्हणजे एकाकडे एक आहे, दुसऱ्याकडे दुसरं, आणि मार्क मात्र एकाच प्रकाराला. हा पेपर मी रात्री दीड वाजता वाचला आणि त्या मुलाची वही डोळ्यासमोर आली. त्याला कोणी सांगितलं असेल का कधी, की तू सकाळी दुकानात केलंस तेच हे आहे?

आता त्या चार्टपेपरकडे परत येते.

आमच्या गाईड मॅडमनी मला मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराईंचा २००६ चा एक लेख वाचायला दिला होता, संशोधनाच्या हक्काबद्दल. म्हणणं थोडक्यात असं, की पद्धतशीर प्रश्न विचारून आपल्याला पाहिजे ती माहिती शोधून काढणं हे फक्त विद्यापीठातल्या माणसांचं काम नाही, साध्या माणसालाही तो हक्क आहे, आणि तो नसेल तर आपलं मागणं नीट मांडताच येत नाही. मुंबईत ‘पुकार’ नावाच्या संस्थेने हे प्रत्यक्ष केलंय, वस्तीतलेच तरुण गट करून आपल्याच वस्तीचा प्रश्न घेतात आणि वर्षभर त्याचा शोध घेतात. मला हे वाचताना एकदम महात्मा फुले आठवले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं, त्यात मुद्दा हाच होता की शेतकऱ्याच्या करातून पैसा गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो, खालच्या प्राथमिक शाळांकडे नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे कोणीतरी खालून वर बघत विचारायला लागतं. वरून ते दिसत नाही.

तर आम्ही ठरवलं की आठवी-नववीच्या मुलांनाच शोधायला सांगायचं. देवळाच्या मंडपात दर रविवारी दहा वाजता. पहिल्या रविवारी फक्त सहा पोरं आली, त्यातली दोन पाव-भाजी आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून. दुसऱ्या रविवारी आम्ही खरंच पाव-भाजी केली. काम एकच दिलं, कालचा तुमचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा, वेळेसकट. घड्याळ नसेल तर बस गेली तेव्हा, आरती झाली तेव्हा, असं लिहा.

त्या वह्या मी जपून ठेवल्यात. साडेपाचला उठणं, पाणी भरणं, लहान भावाला अंगणवाडीत सोडणं, पाऊण तास चालत तिठ्यावर येणं, बस भरलेली असली की ती थांबत नाही म्हणून दुसऱ्या कुणाच्या रिक्षात चौघं दाटीवाटीने. एका मुलीने लिहिलं होतं की पावसात शाळेत पोचेपर्यंत युनिफॉर्म भिजतो आणि पहिले दोन पिरियड ती थंडीने कुडकुडत असते, आणि पहिला पिरियड रोज गणिताचा. शाळेच्या टाइमटेबलात हे दिसणार नाही. एका मुलाने लॉकडाउनची आठवण लिहिली, तेव्हा तो प्राथमिकला होता आणि ताईच्या मागे डोंगरावर रेंज शोधायला जायचा, ताई कड्यावर बसून क्लास अटेंड करायची आणि तो छत्री धरून उभा. सत्तरी, सांगे, नेत्रावळीकडच्या कितीतरी मुलांनी २०२० मध्ये असेच दिवस काढलेत, पेपरांतही तेव्हा येत होतं. छत्री धरणाऱ्या लहान भावांचं वर्ष कसं गेलं ते मात्र कुठे आलं नाही.

आणि मग सगळ्या वह्यांतल्या दुपारच्या नोंदी एकत्र लिहिताना त्या मुलीने त्या तीन वेळा एकाखाली एक लिहिल्या. दीड. पावणेदोन. पावणेदोन. तिने वर बघून विचारलं, “ताई, मग हा जादा वर्ग कोणासाठी आहे?”

आम्ही यादी मागून बघितली. जादा वर्गाला बसणारी बहुतेक मुलं शाळेच्या आजूबाजूची, बाजारातली, ज्यांच्यापैकी काहीजण ट्यूशनलाही जातात. शाळेने वर्ग चांगल्या मनाने सुरू केला होता, शिक्षक जास्तीचा वेळ देत होते, पण तो पोचत होता ज्यांना त्याची गरज कमी होती त्यांच्यापर्यंत. वरच्या वाड्यावरची मुलं हजेरीत गैरहजर आणि शेरा ‘इंटरेस्ट नाही’. माझ्याही नावापुढे कधीतरी हाच शेरा असणार.

मुख्याध्यापिकांना भेटायला आम्ही नाही गेलो, मुलंच गेली, चार्टपेपर गुंडाळी करून. आम्ही बाहेर व्हरांड्यात. मला भीती होती की त्यांना तक्रार वाटेल. त्यांनी तो पूर्ण वाचला, दोनदा, आणि मग म्हणाल्या की हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. दिवाळीनंतर जादा वर्ग शाळेच्या वेळेतच घ्यायला सुरुवात झाली, आणि मुलांची विभागणी इयत्तेने न करता वाचनाच्या पातळीने केली. ही कल्पना बीएडवाल्या मैत्रिणीची. मुंबई आणि वडोदऱ्यात पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘बालसखी’ म्हणून कार्यक्रम झाला होता, वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना वर्गातून बाजूला घेऊन दिवसातले दोन तास शिकवायच्या, आणि त्याचा फायदा झाला हे नीट चाचण्या घेऊन दाखवलं गेलं. आमच्याकडे बालसखी म्हणून आम्हीच, आठवड्यातून दोन दिवस, मी आणि ती.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शाळेच्या वेळेत पिरियड काढायचा तर कुठला काढणार, पीटीचा काढला. आणि ज्या मुलांना शाळेत एकच गोष्ट चांगली येते, पळणं किंवा व्हॉलीबॉल, त्यांचाच तो पिरियड गेला. एक मुलगा सरळ म्हणाला, मी शाळेत यायचो ते पीटीसाठी, आता कशाला येऊ. तो बरोबर होता. आम्ही परत मॅडमकडे गेलो, आता एक आठवडा पीटी आणि एक आठवडा वाचन असं चाललंय, त्याने वाचन निम्मं झालंय, आणि यावर चांगला उपाय आम्हाला अजून सापडलेला नाही. तो मुलगा येतोय ना हे मी रोज व्हॉट्सअॅपवर विचारून घेते.

वास्कोवाल्या मैत्रिणीचं काम अजून वेगळं, तिच्याबद्दल खरं तर तिनेच लिहायला पाहिजे. तिकडे बांधकामावर, कारखान्यात कामाला आलेल्या लोकांची मुलं, घरी कन्नड, तेलुगू, हिंदी, ओडिया, आणि बाप एका साइटवरून दुसरीकडे गेला की मुलगा पण गेला. तिला एक मुलगी भेटली जी दाखला नाही म्हणून तीन महिने घरी होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही, जन्माचा पुरावा नसला तरी नाही. हे त्या मुलीच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीने कायद्याची ती कलमं कन्नड आणि हिंदीत साध्या शब्दांत लिहून घेतली, एका पानावर, आणि खोल्या-खोल्यांतून वाटली. मुलगी आता शाळेत जाते, वयाप्रमाणे पाचवीत. म्हणजे तिचीही पाचवी. कन्नडमधून सरळ इंग्रजीत. त्याच कायद्यात असंही आहे की वयाप्रमाणे वर्गात घातलेल्या मुलाला बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी खास शिकवणी मिळाली पाहिजे, आणि आता ती शिकवणी कोण, कधी, कुठल्या भाषेत देणार यासाठी मैत्रिणीच्या फेऱ्या चालू आहेत.

मला घरी विचारतात की याचा उपयोग काय, डेझर्टेशन झालं की तू नोकरी बघणार, चार्टपेपर उंदीर खातील. आईचं म्हणणं मला टोचतं कारण ती काळजीने बोलते. पण मला खरंच वाटतं की आमच्या तालुक्यात योजना कमी नाहीत. बालरथ म्हणजे शाळांच्या बसची योजना आहे, दुपारचा आहार आहे, पुस्तकं मिळतात, शिष्यवृत्ती आहे, २००३ मध्ये गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीत घेतल्यापासून त्यांच्या मुलांना ते लाभही मिळतात. धनगर समाज अजून त्या यादीबाहेर आहे आणि त्यांची मागणी किती वर्षांची आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक योजना आपल्या जागी ठीक असते. दोन योजनांच्या मधल्या पंधरा मिनिटांत काय होतं ते शोधायला कोणीतरी त्या बसने रोज जायला-यायला पाहिजे, आणि रोज जाणारी माणसं तेरा-चौदा वर्षांची आहेत. त्यांना विचारलं तर ती सांगतात. वही दिली तर लिहितात, आणि आमच्यापेक्षा नेमकं लिहितात, हे मी पाहिलंय.

सध्या मंडपात अकरा-बारा पोरं येतात. आम्ही एक शब्दांची वही सुरू केली आहे, पाचवीच्या पुस्तकातला प्रत्येक अडलेला इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे मराठी, त्याच्यापुढे घरात आपण काय म्हणतो ते. विज्ञानाच्या धड्यातल्या जर्मिनेशनपुढे मराठीत अंकुरण लिहिलंय आणि तिसऱ्या रकान्यात एका मुलाने कोंब येणे लिहून शेजारी पाऊस पडल्यावर झाडाखाली उगवलेल्या काजूच्या बीचं चित्र काढलंय. ही वही नववीतली मुलं पाचवीच्या मुलांसाठी करतायत. जूनमध्ये गावच्या शाळेतून जी सात मुलं हायस्कूलला जाणार आहेत त्यांच्या हातात ती द्यायची, झेरॉक्स काढून, आणि सात प्रतींचे पैसे बीकॉमवाल्या मित्राने आधीच बाजूला ठेवलेत.

आणि त्या आठवीतल्या, आता नववीत गेलेल्या मुलीने पुढचा प्रश्न चार्टपेपरवर लिहून ठेवलाय. बसची वेळ कोण ठरवतं? कोणाला माहीत नव्हतं, मला पण नाही. मग आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते मागच्या रविवारी शिकलो, दहा रुपये फी, साध्या कागदावर चालतो, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्जदार म्हणून नाव माझं आहे, अक्षर तिचं. बुधवारी पोस्टात टाकला.